पिकअप घ्यायची की ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची? आधी आरसीवरचं वजन वाचा

मोहोळ असो, मंगळवेढा असो की सांगोला, थोडाफार कांदा किंवा डाळिंब असलेल्या घरात हा प्रश्न निघतोच. ट्रॅक्टर दारात आहे, मग त्याला ट्रॉली घ्यावी की हप्त्यावर पिकअप उचलावी? बोलणं होतं ते किमतीवर, हप्त्यावर आणि ‘किती ओढते’ यावर. पण गाडी किती ओढते हा प्रश्न शेतातला. डांबरी रस्त्यावर आलात की चालतं ते पासिंग, म्हणजे आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) लिहिलेलं वजन. दोन्ही गाड्यांचं हे वजन वेगवेगळ्या पद्धतीने मोजलं जातं, म्हणून निवड तिथून सुरू करावी.

पिकअपचं गणित एका आरसीत संपतं. तिच्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. समजा रिकामी १,६९० किलो आणि एकूण २,९९०. मधला फरक १,३०० किलो. पन्नास किलोच्या पिशव्या धरल्या तर २६ पिशव्या कांदा, असं आपण चटकन म्हणतो. ते चुकतं. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ड्रायव्हर आणि सोबतची माणसं धरलेली नाहीत. ड्रायव्हर आणि दोन माणसं मिळून २०० किलो झाली, की काट्यावर ती मालाच्याच खात्यात जातात. राहिल्या २२ पिशव्या. वर लोखंडी जाळी, जादा स्टेपनी, ताडपत्री आली की अजून एखादी पिशवी कमी.

हौद्यात जागा मात्र याहून बरीच जास्त दिसते, आणि घोळ तिथेच होतो. मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले की गाडी बसत नाही, हे खरं. पण पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढत नाही. कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये दंड आहे आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च आपल्याच अंगावर. म्हणजे वर गेलेलं वजन थोडं असलं तरी सुरुवात वीस हजारांपासून. काट्यावर गाडी न्यायलाच नकार दिला तर ४०,०००. चार पिशव्यांच्या भाड्यासाठी हा धोका घ्यावा, असं मला कधीच वाटलं नाही. आणि दंड बाजूला ठेवला तरी ब्रेक तेवढ्याच वजनासाठी बनवलेले असतात. उतारावर समोर कुणाचं तरी लेकरू सायकलवर असतं.

पिकअप निवडताना ३,००० किलोचा आकडा डोक्यात ठेवा. एकूण वजन त्याच्या आत असेल तर कलम ६६ प्रमाणे मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. वर गेलं की लागतं. शोरूममध्ये ‘फक्त थोडे जास्त पैसे, मोठं मॉडेल घ्या’ असं सांगतात, तेव्हा हा प्रश्न आधी विचारा. बाकी पिकअप ही व्यावसायिक गाडी: पिवळी पाटी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस (गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का याची तपासणी) आणि पुढे दरवर्षी, हायवेला फास्टॅग. लायसनची अडचण मात्र मिटली आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

आता ट्रॅक्टर-ट्रॉली. इथे हिशेब दोन गाड्यांचा आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेसुद्धा मोटार वाहनच आहे. तिची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर, वेगळं पासिंग. ट्रॅक्टर स्वतः माल वाहत नाही, म्हणून तो हलक्या वाहनांच्या वर्गात मोडतो तो रिकाम्या वजनावर. माल किती भरायचा हे ट्रॉलीच्या कागदावर ठरतं. मागून येणाऱ्याला ट्रॅक्टरचा नंबर दिसायला हवा, म्हणून तो ट्रॉलीवर, आणि दोन ट्रॉल्या असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर लिहिणं कलम ६१ प्रमाणे सक्तीचं आहे. ऊसाच्या हंगामात पंढरपूर-टेंभुर्णी भागात रात्री उभं राहून बघा, किती ट्रॉल्यांच्या मागे नंबर सोडाच, धड रिफ्लेक्टरही नसतो. अंधारात अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते आणि घरातलं कमावतं माणूस जातं. लाल रिफ्लेक्टर आणि रेडियमची पट्टी याचा खर्च इतका किरकोळ आहे, की त्यावर बचत करणाऱ्याला माफी नसावी.

ट्रॉली गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तात बनते. पण मान्यताप्राप्त बनावटीचा कागद नसेल तर नोंदणीला अडचण येते, आणि नोंदणी नाही तर विमाही नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीची नोंद वेगळी करून घ्यावी लागते. दोन चाकी ट्रॉलीत पुढच्या बाजूला माल जास्त झाला की सगळा भार हुकावर येतो, चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. आणखी एक: घरचा माल नेणं वेगळं आणि मुरूम, विटा भाड्याने वाहणं वेगळं. शेतीचा म्हणून नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याच्या धंद्याला लावला, की तो मालवाहतूक वाहनाच्या नियमांखाली येतो.

पैशाचं बघायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवर जीएसटी ५ टक्के आहे, पिकअपवर १८. ट्रॅक्टर घरात असेल तर ट्रॉली स्वस्तच पडणार, यात वाद नाही.

तरीही माझं मत अंतरावर ठरतं. सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट घेऊन ऐंशी-एक किलोमीटरवर सोलापूरच्या मार्केट यार्डात सकाळच्या लिलावाला पोचायचं असेल, तर पिकअपच. ट्रॉलीत डाळिंब हादरतं, दर पडतो आणि हायवेवर हळू चालणारा ट्रॅक्टर इतरांनाही धोक्याचा. कांदा जास्त असेल तर दोन खेपा करा. डिझेल जाईल, पण ते दंडापेक्षा कमीच. उलट ऊस असेल, कारखाना पंधरा-वीस किलोमीटरवर असेल, शेणखत, कडबा, ज्वारीची रास शेतातून घरी आणायची असेल, तर पिकअप दारात उभी राहून हप्ता खाते. तिथे चार चाकी ट्रॉली घ्यावी. वर्षातून चार-सहा वेळाच मार्केटला जाणाऱ्याने पिकअप विकत घेऊ नये, भाड्याने सांगावी.

पिकअपलाच मागे छोटी ट्रॉली जोडण्याची कल्पना हल्ली व्हिडिओ बघून तरुण मुलं काढतात. बाहेरच्या देशांत ते सर्रास चालतं, कारण तिथे गाडीची ओढण्याची क्षमता कंपनी लिहून देते. आपल्याकडे कंपनीने तशी क्षमता दिली नसेल, तर हूक वेल्ड करून घेणं म्हणजे आरसीच्या विरुद्ध गाडीत बदल करणं, आणि कलम ५२ ते चालू देत नाही. ट्रॉलीची वेगळी नोंदणी तर लागतेच. हा पर्याय मी सरळ बाद धरतो.

जुनी गाडी घेत असाल तर इसार देण्याआधी ती रिकामी वजनकाट्यावर न्या. पावतीचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा दीडशे-दोनशे किलो जास्त निघालं, तर आधीच्या मालकाने लोखंड वाढवलंय असं समजा. तेवढा माल तुम्हाला कमी भरावा लागणार, आणि किंमत ठरवताना तो हिशेब त्याच्यासमोर मांडा.