आरसा पणजीत की मुंबईत?
आमचा सर्व्हर पणजीच्या ऑफिसात. डीआरबीडीने (डिस्कवरचं प्रत्येक लेखन नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरवरही उतरवणारं सॉफ्टवेअर) त्याच्या व्हॉल्यूमचा, म्हणजे डिस्कवरच्या साठ्याचा, आरसा ठेवायचा, तर दुसरा सर्व्हर कुठे? पणजीत, त्याच लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) असेल तर डीआरबीडीची प्रोटोकॉल सी ही पद्धत: दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय लेखन पुरं धरत नाही. प्राथमिक मशीन बसलं तरी एकही नोंद जात नाही. पण पावसाचं पाणी ऑफिसात शिरलं, तर दोन्ही मशीन एकदमच भिजणार!

मुंबईला तोच सी लावला, तर प्रत्येक लेखनाला उत्तराची वाट. फायबरमधून १००० किलोमीटरला प्रकाश साधारण ५ मिलिसेकंद घेतो, परतीचे वेगळे. डेटाबेसच्या शेकडो बारीक लेखनांना ते जाणवतंच. तिथे प्रोटोकॉल ए बरा: इथल्या डिस्कवर लिहिलं, पाठवायच्या बफरात (तात्पुरत्या रांगेत) टाकलं, की काम पुढे. इथलं मशीन बसलं, तर शेवटच्या क्षणांच्या नोंदी हरवू शकतात. चतुर्थीच्या गर्दीतली दोन बिलं पुन्हा टाकू. मी मुंबईच घेईन. चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्हीकडे पुसली जाते, तेव्हा बॅकअप वेगळा हवाच.