पेनल्टीसाठी व्हिडिओ रिव्ह्यू: फुल व्हीएआर, कोचचं चॅलेंज, की रेफरीवरच सोडायचं?

लीगसाठी किंवा एखाद्या स्पर्धेसाठी हा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी लिहितोय, आणि आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, नाहीतर ही चर्चा कायम भरकटते. बॉल गोललाईन ओलांडून गेला का, फाऊल बॉक्सच्या आत झाला की बाहेर, याला एकच उत्तर असतं आणि कॅमेरा ते देतो. त्यावर वादच नको. पण डिफेंडरचा खांदा लागला तो फाऊल होण्याइतका जोरात होता का, हात जिथे होता तिथे असणं स्वाभाविक होतं का, यावर दहा चांगल्या रेफरींना एका खोलीत बसवलं तरी दोन गट पडतात. खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या पेनल्टीचा आहे.

पर्याय तीन आहेत. पहिला म्हणजे आज मोठ्या लीगमध्ये चालतो तो व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओ बघणारी आणि मैदानावरच्या रेफरीला सांगणारी टीम. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीनं २०१८च्या मार्चमध्ये त्याला मंजुरी दिली, त्याच वर्षीच्या रशियातल्या वर्ल्डकपमध्ये तो आला आणि त्या स्पर्धेत २९ पेनल्टी दिल्या गेल्या, तोवरचा रेकॉर्ड १८ होता. नियमात भाषा चांगली आहे, रेफरीची ढळढळीत चूक असेल किंवा मोठी घटना त्याच्या नजरेतून सुटली असेल तरच व्हीएआरनं मध्ये पडायचं. आता हे प्रत्यक्षात कसं होतं ते फायनलमध्येच बघा. फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया, १-१, फ्रान्सचा कॉर्नर, बॉल क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला लागला आणि रेफरी पिताना यांनी पेनल्टी दिली नाही. व्हीएआरच्या खोलीतून निरोप आला, ते मैदानाकडेच्या मॉनिटरपाशी गेले, बघितलं, मैदानाकडे वळले, आणि तिथून पुन्हा मागे फिरून परत एकदा बघितलं. मग पेनल्टी. फ्रान्सच्या ग्रिझमननं ३८व्या मिनिटाला गोल केला. हँडबॉल होता की नव्हता यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येतं, पण ज्या गोष्टीसाठी रेफरीला अर्ध्यातून परत फिरून मॉनिटर बघावा लागतो तिला ढळढळीत चूक कसं म्हणायचं, हे मला आजतागायत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

२०२४च्या युरो सेमीफायनलमध्येही तेच. इंग्लंडच्या केननं शॉट मारला, तो मारून झाल्यावर नेदरलँड्सच्या डम्फ्रीसचा बूट त्याच्या पायाला लागला, रेफरी झ्वायर यांनी खेळ चालू ठेवला होता, व्हीएआरनं बोलावलं आणि इंग्लंडला पेनल्टी मिळाली. संपर्क झाला होता हे खरंच आहे. पण कॅमेरा फक्त संपर्क दाखवतो, त्याचा जोर किती होता हे नाही दाखवत, आणि स्लो मोशनमध्ये तर साधा धक्कासुद्धा मुद्दाम दिल्यासारखा दिसतो. बेल्जियममधल्या संशोधकांनी रेफरींवरच हे तपासलं होतं, तीच घटना स्लो मोशनमध्ये बघितल्यावर त्यांनी जास्त कडक शिक्षा दिल्या. म्हणूनच प्रोटोकॉल सांगतो की स्लो मोशन वापरायचं ते फक्त बॉल कुठे लागला, पाय कुठे लागला एवढं बघायला, जोर ठरवायचा तो नॉर्मल स्पीडवर. मैदानावर मात्र रेफरी मॉनिटरपाशी पोचतो तेव्हा बऱ्याचदा समोर काय असतं, तर हाताला बॉल लागलेली थांबवलेली फ्रेम.

व्हीएआरच्या बाजूनं सगळ्यात मोठा आकडा इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा. महत्त्वाचे निर्णय बरोबर येण्याचं प्रमाण ८२ टक्क्यांवरून ९६वर गेलं असं लीग सांगते, आणि २०२४मध्ये वुल्व्ह्स या क्लबनं व्हीएआर बंद करायचा ठराव आणला तेव्हा बाकीच्या १९ क्लबांनी विरोधात मत दिलं. हा आकडा हलक्यात घेऊ नका. पण त्याच लीगमध्ये वादाच्या घटना नंतर बरोबर की चूक हे ठरवायला पाच जणांचं पॅनल आहे, आणि तिथे कित्येकदा ३-२ अशी फूट पडते, मग अशा पेनल्टीत ‘बरोबर’ म्हणजे फक्त एका मताचा फरक. लीगलाही हे कळलंय म्हणून तर २०२४-२५पासून त्यांनी ‘रेफरीज कॉल’वर जोर दिला, क्रिकेटच्या डीआरएसमधला अंपायर्स कॉल माहीत असेल त्यांना विचार लगेच कळेल.

वेळेचं दुखणं वेगळंच. २०१८मध्ये जर्मनीच्या बुंडेसलीगात माइन्झ-फ्रायबुर्ग मॅचला हाफटाईम होऊन खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये गेले होते, त्यांना परत बोलावून पेनल्टी मारायला लावली! २०२०मध्ये ब्राइटनविरुद्ध मँचेस्टर युनायटेडला शेवटची शिट्टी झाल्यावर पेनल्टी मिळाली आणि ते ३-२ जिंकले. निर्णय बरोबर होता असं धरलं तरी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाच्या हातात काय राहतं, गोल झाला तरी नाचायची चोरी.

दुसरा पर्याय फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट, म्हणजे कोचचं चॅलेंज. फिफानं २०२४मध्ये मुलींच्या अंडर-२० आणि अंडर-१७ वर्ल्डकपमध्ये याची ट्रायल घेतली. वर खोलीत व्हीएआर टीम नसते, कोच हवेत बोट फिरवून चौथ्या ऑफिशियलला कार्ड देतो, रेफरी स्वतः मॉनिटरवर बघतो. प्रत्येक टीमला मॅचला दोन संधी, निर्णय बदलला तर संधी शिल्लक राहते. मला यातली सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक धक्क्याची चौकशी आपोआप होत नाही, ज्याला अन्याय झालाय असं वाटतं त्यानं किंमत मोजून विचारायचं, त्यामुळे किरकोळ संपर्कावर कोण चॅलेंज वाया घालवेल? शिवाय कॅमेरे कमी असलेल्या स्पर्धांनाही हे झेपतं. तोटेही खरे आहेत, ८८व्या मिनिटाला संधी उरली असेल तर दम खायला म्हणून वापरतीलच, आणि दोन्ही संपल्यावर खरोखरची पेनल्टी नाकारली गेली तर हात चोळत बसायचं.

तिसरा पर्याय, काहीच नको. स्वीडनमध्ये फॅन्सनी आणि क्लबांनी मिळून व्हीएआर येऊच दिला नाही. नॉर्वेत तो आल्यावर क्लबांनी २०२५मध्ये काढा म्हणून शिफारस केली, फेडरेशनच्या सभेनं मात्र ठेवायचं ठरवलं. बिनव्हिडिओचा खेळ सुंदर वाहतो हे मान्य, पण रेफरीच्या पाठीमागे झालेलं काहीच परत येत नाही. २००९ला फ्रान्सच्या ऑन्रीनं हातानं बॉल अडवून पास दिला आणि आयर्लंडचा वर्ल्डकप गेला, सगळ्या जगानं बघितलं आणि ज्यानं बघायला हवं होतं त्यालाच दिसलं नाही. ते मला आजही सहन होत नाही, म्हणून हा पर्याय मी कोणाला सुचवणार नाही.

माझं मत विचाराल तर एकच कसोटी लावा, रेफरीला ते दिसलं होतं का? दिसलं नसेल तर दाखवा, हजार वेळा दाखवा. पण तो पाच मीटरवर उभा होता, मधे कोणी नव्हतं, त्यानं बघून ‘खेळा’ म्हटलं, तर तिथे दुसऱ्या माणसाचं मत वरून पाठवायचं नाही. व्हीएआर असेल तर खोलीतल्यानं पहिला प्रश्न ‘तुला काय दिसलं?’ हाच विचारावा आणि त्याचं वर्णन व्हिडिओशी जुळत असेल तर विषय तिथेच संपवावा.

तेव्हा पैसा आणि कॅमेरे भरपूर असतील आणि व्हीएआर आधीच चालू असेल तर काढू नका, पण अशा पेनल्टींना ही कसोटी लेखी घाला, मॉनिटरवर पहिला रिप्ले नॉर्मल स्पीडचाच दाखवा, आणि रेफरीला माईकवरून कारण सांगायला लावा, २०२३च्या महिला वर्ल्डकपमध्ये तशी घोषणा झालीच होती. नव्यानं सुरू करत असाल तर सरळ कोचचं चॅलेंज घ्या, एक सीझन चालवा, आणि किती चॅलेंज न दिसलेल्या घटनांवर झाले नि किती नुसत्या मतभेदावर याची नोंद पहिल्या मॅचपासून ठेवा.