सात महिने, शनिवारची गाडी आणि लॅटिन संगीताचे पॉडकास्ट

आम्ही न्यू जर्सीत राहतो. धाकट्याचा तबल्याचा क्लास दर शनिवारी असतो, जायला 40 मिनिटं आणि यायलाही तेवढीच. मागे 12 वर्षांची थोरली आणि 9 वर्षांचा धाकटा. थोरलीच्या वर्गातली बरीच मुलं घरी स्पॅनिश बोलतात: कुणी डॉमिनिकन, कुणी पोर्तो रिकन, कुणी कोलंबियन. त्यांच्या वाढदिवसांना वाजणारी गाणी तिला तोंडपाठ, पण ती कुठून आली याचा पत्ता नाही. म्हणून सात महिन्यांपूर्वी गाडीत पॉडकास्ट लावायला लागले.

सुरुवात चुकली. खास मुलांसाठी केलेला एक पॉडकास्ट तीन आठवडे ऐकला. रंग, आकडे, प्राण्यांची नावं आणि मधेमधे जाहिराती. थोरलीने कानात हेडफोन घातले. या वयाच्या मुलांना बाळबोध काही दिलेलं कळतं आणि ते त्यांच्या मनालाही लागतं. मग ठरवलं, मोठ्यांचंच ऐकवायचं, पण आधी स्वतः ऐकून निवडायचं.

तेव्हा हाती लागला एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओचा 'आल्ट.लॅटिनो' हा पॉडकास्ट. 2010 पासून चालू आहे. गप्पा इंग्रजीत, गाणी स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे भाषा येत नसली तरी अडत नाही. गप्पा मोठ्यांच्या आहेत, म्हणून मी मधेमधे थांबवते. खरी मजा त्या थांबण्यातच आली. क्यूबाच्या संगीतात 'क्लावे' नावाच्या दोन लाकडी दांड्या असतात, आणि त्यांच्यावर वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या ठेक्यालाही क्लावेच म्हणतात. अख्खं गाणं त्याच्या आधाराने चालतं. धाकट्याला म्हटलं, तीनतालाच्या 16 मात्रा मोज आणि 1, 4, 7, 11, 13 वर टाळी दे. दोन सिग्नल जाईपर्यंत चुकत होता, मग एकदम बसलं. त्या दिवसापासून कुठलंही गाणं लागलं की आधी टाळ्या शोधतो. रेगेटॉन, म्हणजे स्पॅनिशमधलं रॅप-नाचाचं संगीत, त्यातली 3-3-2 मात्रांची विभागणी तर त्याने स्वतःच पकडली: "आई, हा केहरवाच आहे, फक्त जोर 1, 4, 7 वर आहे!"

रेगेटॉनचा इतिहास ऐकायचा तर 'लाउड' ही 2021 ची मालिका. निवेदन रेगेटॉन गायिका आयव्ही क्वीनचं, म्हणजे ज्या बाईने पुरुषांच्या या गर्दीत स्वतःची जागा मिळवली तिचंच. पनामा कालव्याच्या कामावर जमैका-बार्बाडोसहून मजूर गेले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी जमैकाचा रेगे स्पॅनिशमध्ये गायला घेतला, तो न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकोत पोचला. 1995 मध्ये पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनच्या दुकानांवर पोलिसांनी छापे घालून कॅसेटी जप्त केल्या होत्या. "गाण्यांच्या कॅसेटी? का?" या थोरलीच्या प्रश्नावर आमचा घरी पोचेपर्यंतचा वेळ गेला. गरीब वस्त्यांतल्या काळ्या मुलांचं संगीत म्हणून त्याला कसं हिणवलं गेलं, हे तिला नीट समजलं. पण या मालिकेत लैंगिकता, ड्रग्ज, हिंसा यांवर मोकळेपणाने बोललं जातं. धाकट्याला मी ती ऐकवली नाही. थोरलीला निवडक भाग ऐकवले, तेही सोबत बसून.

'ला ब्रेगा' हा पोर्तो रिकोबद्दलचा पॉडकास्ट इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत आहे, आणि त्याचं दुसरं पर्व पोर्तो रिकोच्या आठ गाण्यांवर. भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी एवढी चांगली सोय मी दुसरीकडे पाहिली नाही. 'राडिओ आंबुलांते' हा पॉडकास्ट मात्र अस्सल स्पॅनिश, आम्हाला अजून जड जातो. त्याची संहिता समोर ठेवून एका वेळी पाच मिनिटं ऐकतो. तिथेच 'पागार' हा शब्द आला, म्हणजे पैसे देणे. धाकटा ओरडला, "पगार!" मग मराठीत पगारासारखेच पोर्तुगीजांबरोबर आलेले बटाटा, चावी, पाव असे शब्द शोधण्यात अर्धा रविवार गेला.

आता तांबोराबद्दल, म्हणजे आपला तारांचा तंबोरा नव्हे. मेरेंगे या डॉमिनिकन नाचाच्या संगीतातला हा दोन तोंडांचा ढोल मांडीवर आडवा ठेवतात, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला हात. थोरली इथल्या गणपतीच्या ढोल पथकात आहे, तिला कुणी सांगावं लागलं नाही: टिपरू आणि हात! गेल्या महिन्यात डॉमिनिकन मैत्रिणीच्या घरी तिने आजीला तांबोराबद्दल विचारलं. आजींनी तांबोरा काही काढला नाही. स्वयंपाकघरातून किसणी आणि काटा आणला, मेरेंगे लावलं आणि किसणीवर खरखर ठेका धरला. खरी धातूची गुइरा (घासून वाजवायचं वाद्य) हातात येण्याआधी लोक असंच वाजवायचे म्हणे. थोरलीने टेबलावर ढोल धरला. मी न्यायला गेले तेव्हा दोघी तिसऱ्या गाण्यावर होत्या, आणि मला आणखी अर्धा तास थांबावं लागलं.