व्हीएसकोडव्हिम: व्हिमला सरावलेल्या बोटांसाठी एक एक्स्टेन्शन

कळांच्या आज्ञांनी चालणाऱ्या व्हिम या जुन्या एडिटरची सवय एकदा जडली की दुसऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये हात अडखळतात, आणि व्हीएस कोड या मायक्रोसॉफ्टच्या कोड-एडिटरची ओढ तर सुटत नाही. अशांसाठी व्हीएसकोडव्हिम हे मुक्तस्रोत एक्स्टेन्शन, म्हणजे व्हीएस कोडला जोडायचा पूरक प्रोग्रॅम, आहे. ते खरे व्हिम आत चालवत नाही. नॉर्मल (आज्ञा देण्याचा), इन्सर्ट (मजकूर लिहिण्याचा), व्हिज्युअल (मजकूर निवडण्याचा) हे मोड आणि त्यांतील आज्ञांची वागणूक त्याच्या कर्त्यांनी टाइपस्क्रिप्टमध्ये नव्याने लिहून काढली आहे. त्यामुळे त्याची पारख करायची तर नुसते वापरून भागत नाही, ही वागणूक तपासणाऱ्या त्याच्या चाचण्याही वाचाव्या लागतात.

या चाचण्यांची मांडणी मला फार आवडली. सुरुवातीचा मजकूर, दाबलेल्या कळा, अपेक्षित मजकूर आणि शेवटचा मोड एवढेच लिहायचे असते; कर्सर कुठे आहे हे उभ्या रेघेने दाखवतात. उदाहरणार्थ, ‘एक |दोन तीन’ या ओळीवर डी-डब्ल्यू (शब्द पुसण्याची आज्ञा) दाबले तर शब्दासह पुढची मोकळी जागाही जाते, पण सी-डब्ल्यू (शब्द बदलण्याची आज्ञा) दाबले तर ‘एक | तीन’ उरते, म्हणजे जागा शाबूत राहते. नियमाने पाहिले तर ही विसंगतीच. पण जुन्या वापरकर्त्याच्या बोटांना तीच अपेक्षित असते, आणि एक्स्टेन्शन ती नेमकी पाळते. शब्द, कंस, अवतरणचिन्हे यांवरच्या रोजच्या आज्ञांमध्ये खोट काढायला फारशी जागा नाही. सराउंड, ईझीमोशन आणि कमेंटरी या व्हिमच्या लोकप्रिय प्लगिनांच्या (पूरक प्रोग्रॅमांच्या) नकलाही सोबत मिळतात.

मात्र अपेक्षित उत्तर इथे माणूस हाताने लिहितो, म्हणजे चाचणी लिहिणाऱ्याचा समज चुकीचा असेल तर चाचणीही बिनबोभाट पास होते. झेड या एडिटरच्या व्हिम मोडमध्ये यावर अधिक भक्कम तोड काढली आहे: त्याच कळा व्हिमपासूनच निघालेल्या खऱ्या निओव्हिम एडिटरलाही देऊन दोन्हींचे उत्तर ताडून पाहतात, आणि निओव्हिमची उत्तरे फाइलींत साठवून ठेवतात, म्हणजे दर वेळी ते चालवावे लागत नाही. नक्कल करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने ही पद्धत उचलावी असे माझे मत आहे.

खरी कसोटी लागते ती एडिटरच्या सीमेवर. व्हीएस कोडमध्ये टाइप केलेले अक्षर पकडण्याची आज्ञा एका वेळी एकाच एक्स्टेन्शनला मिळते; दुसरे व्हिम एक्स्टेन्शन सोबत चालू ठेवले की दोघांचे जुंपते. शिवाय प्रत्येक कळ एक्स्टेन्शनांच्या वेगळ्या प्रोसेसमधून फिरून येत असल्याने, ती प्रोसेस इतर कामात गुंतली की टायपिंग मागे पडते. घडी घालून मिटवून ठेवलेल्या कोडवरून ‘जे’ ही कळ दाबत खाली जाताना घडी आपोआप उलगडते. त्यावर फोल्डफिक्स नावाची सेटिंग आहे, पण ती तात्पुरती मलमपट्टी असल्याचे माहितीपत्रकच सांगते, हा प्रामाणिकपणा मात्र मानला पाहिजे.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. इनस्क्रिप्ट कळफलक चालू असताना नॉर्मल मोडमध्ये कर्सर हलवणाऱ्या एच, जे, के, एल या कळा दाबल्यास एक्स्टेन्शनच्या हाती प, र, क, त ही अक्षरे पडतात आणि कर्सर जागचा हलत नाही. यासाठी ऑटोस्विच-इनपुटमेथड ही सोय आहे. इन्सर्ट मोडमधून बाहेर पडताच ती इंग्रजी कळफलक लावते आणि परतल्यावर आधीचा आणते. त्यासाठी कळफलक बदलणारा एक छोटा प्रोग्रॅम वेगळा बसवून त्याचा पत्ता सेटिंग्जमध्ये द्यावा लागतो. कोडमध्ये मराठी टिपा किंवा मजकूर लिहिणाऱ्याने ही खटपट पहिल्याच दिवशी उरकून घ्यावी.

व्हिमस्क्रिप्ट ही व्हिमची स्वतःची भाषा मात्र येथे चालत नाही. व्हिमआरसी या व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलीतून कळांच्या जोडण्या तेवढ्या घेतल्या जातात. वर्षानुवर्षे जोपासलेली लांबलचक व्हिमआरसी ज्यांच्याकडे आहे त्यांनी खरे निओव्हिम पाठीशी चालवणारे व्हीएसकोड-निओव्हिम घ्यावे. बाकीच्यांनी हेच घ्यावे, आणि कंट्रोल-एफसारख्या ज्या कळा व्हीएस कोडकडेच राहाव्यात असे वाटते त्या हँडलकीज या सेटिंगमध्ये वगळून टाकाव्यात.