अन्नसाखळीचा खेळसंच: साहित्य उत्तम, पुस्तिका कच्ची

पाच ते आठ वर्षांच्या मुलांना अन्नसाखळी शिकवण्यासाठी तयार केलेला एक खेळसंच गेले दोन महिने मी सहा मुलांच्या गटाबरोबर वापरतो आहे. खोक्यात ४० चित्रपत्ते, पुठ्ठ्याचे बाण, एकात एक बसणारे ५ पेले, १०० लाकडी मणी, लोकरीचा गुंडा, झाकणाची पारदर्शक बरणी आणि सूचनापुस्तिका आहे. साहित्य टिकाऊ आणि चित्रे अचूक आहेत. पुस्तिका मात्र ऐन मोक्याच्या ठिकाणी मोठ्यांना वाऱ्यावर सोडते.

पहिली अडचण बाणांची. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि गरुड हे पत्ते मुलांनी क्षणात ओळीने मांडले, पण सहापैकी पाच जणांनी बाण उलटे ठेवले. सापाचे तोंड बेडकाकडे, म्हणून बाणाचे टोकही बेडकाकडे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. बाण शिकार दाखवत नाही, अन्नातली ऊर्जा कोणाकडे जाते ते दाखवतो, हे पुस्तिकेने एका ओळीत सांगून टाकले आहे. पाच वर्षांच्या मुलाला ‘ऊर्जा’ हा शब्द पुरत नाही. शेवटी आम्ही बाणाला ‘पोटात’ असे नाव दिले आणि ‘गवत नाकतोड्याच्या पोटात, नाकतोडा बेडकाच्या पोटात’ असे मोठ्याने म्हणत बाण ठेवू लागलो. त्यानंतर चूक झाली नाही.

पेल्यांचा खेळ याच कल्पनेला धरून असल्याने सर्वांना आवडला. सर्वांत लहान पेला गवताचा, सर्वांत मोठा गरुडाचा. प्रत्येक पेला आधीच्या पेल्याला गिळतो. मात्र साखळीत वर जावे तसा प्राण्यांचा आकार सहसा वाढतो आणि संख्या घटते, असे ब्रिटिश परिसंस्था-अभ्यासक चार्ल्स एल्टन यांनी १९२७ सालीच मांडले होते. पेले त्यातला आकाराचा अर्धा भाग दाखवतात आणि संख्येचा अर्धा भाग विसरतात, त्यामुळे मोठा पेला म्हणजे गरुडच पुष्कळ, असा समज होऊ शकतो.

हा समज दूर करण्याचे काम मण्यांचे, आणि तिथेच संचाचा हिशेब चुकला आहे. एका पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण दहा टक्के ऊर्जाच पोहोचते, या ढोबळ नियमाने (अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक रेमंड लिंडमन यांच्या १९४२ च्या निबंधात त्याचे मूळ आहे, प्रत्यक्षात हे प्रमाण कमीजास्त होते) गवताकडे १०० मणी, नाकतोड्याकडे १० आणि बेडकाकडे १ जातो. सापाची भूमिका करणारा मुलगा हात पुढे करून बसला होता. त्याने तो एक मणी घेतला, उलटसुलट पाहिला आणि ‘आता हा कापायचा का?’ असे विचारले. पुस्तिकेत याचे उत्तर नाही.

आम्ही मणी बाजूला ठेवले आणि पाणी घेतले. गवताला १ लिटर, नाकतोड्याला १०० मिलिलिटर, बेडकाला १०, सापाला १ आणि गरुडाला ड्रॉपरने जेमतेम दोन थेंब. गरुड झालेली मुलगी तळहातावरचे ते थेंब बराच वेळ न्याहाळत होती. मग अपेक्षित प्रश्न आला: बाकीचे पाणी कुठे गेले? मुलांना जागच्या जागी वीस उड्या मारायला लावल्या आणि गालांना हात लावून पाहायला सांगितले. खाल्लेल्यातले बरेचसे हालचालीत आणि शरीराच्या उष्णतेत खर्च होते, काही तर खाल्लेच जात नाही किंवा पचत नाही, एवढे त्यांना त्या गरम गालांवरून पटले.

लोकरीच्या धाग्याने पत्ते एकमेकांना जोडून केलेल्या अन्नजाळ्याबद्दल, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या अन्नसाखळ्यांबद्दल, थोडक्यात: एक पत्ता काढला की सगळे जाळे कोसळते, असे पुस्तिका सांगते, ते अतिशयोक्त आहे, कारण पुष्कळ प्राणी दुसरे भक्ष्य शोधतात. त्यापेक्षा समुद्री ऊदमांजर, सागरी अर्चिन (काटेरी, गोलसर समुद्री प्राणी) आणि केल्प (मोठे समुद्री शैवाल) हे तीन पत्ते अधिक खरे बोलतात. ऊदमांजरे कमी झाली की अर्चिन वाढतात आणि केल्पची पाण्याखालची वने फस्त करतात. फरसाठी झालेल्या बेसुमार शिकारीनंतर उत्तर पॅसिफिकमध्ये या प्राण्याला १९११ च्या करारात संरक्षण द्यावे लागले होते.

विघटकांना, म्हणजे मेलेले जीव आणि टाकाऊ अवशेष कुजवणाऱ्या जीवांना, अख्ख्या संचात दोनच पत्ते मिळाले आहेत, एक बुरशीचा आणि एक जिवाणूंचा, आणि तेही साखळीच्या शेवटी, जणू गरुड मेल्यावरच त्यांचे काम सुरू होते. वास्तविक ते प्रत्येक पातळीवर हजर असतात. ही उणीव बरणी भरून काढते: ओलसर माती आणि गळलेली पाने घालून झाकण लावायचे आणि आठवड्यातून एकदा पानांची चित्रे काढायची. वाढलेल्या बुरशीचे बीजाणू श्वासात जाऊ नयेत म्हणून झाकण उघडायचे नाही, ही सूचना पुस्तिकेत ठळक हवी होती. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल, तर मणीही उंचावर ठेवावेत.

संच घ्यावा, पण आधी मोठ्यांनी एक संध्याकाळ बाण आणि मण्यांसाठी राखून ठेवावी. आमच्या बरणीतल्या पानांच्या आता जाळीदार शिराच उरल्या आहेत, आणि मुलांनी बुरशीच्या पत्त्याकडे प्रत्येक प्राण्यापासून एकेक बाण वळवल्यामुळे पुठ्ठ्याचे बाण अपुरे पडू लागले आहेत.