बर्न्स टीमच्या नावाखाली लूट, पेशंट ॲडमिट करायच्या आधी वाचा

गॅसचा भडका उडून आमची काकू भाजली. मान, छाती, दोन्ही हात. अँब्युलन्सवाला म्हणाला सरकारीत कशाला नेताय, माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे, बर्न्सची अख्खी टीम आहे तिथे (ह्या लोकांचं कमिशन ठरलेलं असतं हे नंतर कळलं). रिसेप्शनला बोर्डही तसाच, प्लास्टिक सर्जन, फिजिओ, डाएटिशियन, काउन्सेलर, सगळे कोट घालून हसतायत.

वॉर्डात मात्र एक आरएमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) आणि सिस्टर, बस. भाजलेल्या माणसाला भरपूर प्रोटीन लागतं, जखमा त्याशिवाय भरत नाहीत, आणि काकूला काय तर पेज आणि चहा-बिस्कीट. बोटं वेगवेगळी न गुंडाळता एकत्र बांधलेली, हाताला स्प्लिंट (हात आखडू नये म्हणून लावतात ती पट्टी) नाही, आणि मानेखाली जाडजूड उशी. शेवटी आम्ही भांडून तिला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला हलवली, तिथल्या फिजिओ मॅडमनी सगळ्यात आधी ती उशी काढली. मान भाजलेल्या पेशंटला उशी देतच नाहीत म्हणे, कातडी आखडत जाते आणि हनुवटी छातीकडे ओढली जाते. एवढी साधी गोष्ट त्या 'टीम'मधल्या एकालाही माहीत नव्हती, कारण टीम नव्हतीच!

त्या पहिल्या हॉस्पिटलच्या बिलात मात्र रोजचे टीम चार्जेस, फिजिओ दिवसातून दोनदा, डाएटिशियन वेगळी, काउन्सेलिंग वेगळं. मग केस पेपर मागितले. लेखी मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे, तरी 'रेकॉर्ड रूम बंद आहे' वगैरे नाटकं झालीच. हातात आले तर सगळ्यांच्या नोट्स एकाच अक्षरात, आणि ज्या दिवशी काकू ऑपरेशन थिएटरमध्ये होती त्या दिवशी लिहिलंय 'पेशंटला कॉरिडॉरमध्ये चालवलं'. बोर्डावरच्या प्लास्टिक सर्जनना फोन केला तर ते म्हणाले मी ह्या पेशंटला बघितलेलंच नाही.

तुमच्यावर वेळ आलीच तर ॲडमिट करतानाच विचारा, प्लास्टिक सर्जन रोज येतो का फक्त बोलावल्यावर, ड्रेसिंगला भूल द्यायला ॲनेस्थेटिस्ट असतो का, फिजिओ पहिल्या दिवसापासून आहे का. आणि कोण कधी येऊन गेलं ते वहीत लिहीत जा, बिलाशी ताडून बघता येतं.

महापालिकेच्या आरोग्य विभागात आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार टाकलीये. काकूची मान वर होत नाही, आखडलेली कातडी सोडवायला अजून एक ऑपरेशन सांगितलंय, त्याचा खर्च त्या पहिल्या हॉस्पिटलकडे मागितला तर म्हणे 'मॅनेजमेंटशी बोलून सांगतो'.