ट्रान्सक्रिप्ट झकास, 'ऑटो एसईओ' नुसतं नावाला

व्हिडिओ अपलोड करा, ट्रान्सक्रिप्ट (बोललेल्याचा लिखित मजकूर) घ्या आणि गुगलवर वर या, अशी जाहिरात करणारी एक सर्व्हिस गेले काही महिने वापरतेय. नाव घेत नाही कारण पुढे तक्रारी आहेत, आणि तसंही या प्रकारच्या सर्व्हिसेस बऱ्याचशा सारख्याच असतात, त्यामुळे दुसरी कुठली घेणार असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. माझे व्हिडिओ एक्सेल शिकवण्याचे आहेत, यूट्यूबवर टाकते आणि स्वतःच्या साइटवर एम्बेड करते.

आधी चांगलं सांगते. मराठीत इंग्रजी मिसळून बोललेलं हे बऱ्यापैकी पकडतं. कस्टम डिक्शनरी आहे, त्यात व्हीलूकअप, पिव्होट टेबल, कंडिशनल फॉरमॅटिंग वगैरे एक्सेलमधले शब्द आधीच भरून ठेवले की मग तेच ते दुरुस्त करत बसावं लागत नाही. एडिटरमध्ये कुठल्याही शब्दावर क्लिक केलं की व्हिडिओ तिथूनच सुरू होतो, त्यामुळे तपासणं पटापट होतं. एसआरटी आणि व्हीटीटी या दोन्ही प्रकारच्या कॅप्शन फाइल मिळतात. दोघं बोलत असले तर कोण काय बोललं ते वेगळं दाखवतं, फक्त एकमेकांचं बोलणं तोडून बोलायला लागले की सगळी खिचडी.

आता कोणीतरी विचारणारच की यूट्यूब २००९ पासून ऑटो कॅप्शन फुकट देतंय, ओपनएआयचं व्हिस्पर (बोललेलं मजकुरात बदलणारं सॉफ्टवेअर) २०२२ पासून ओपन सोर्स आहे, स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं, मग पैसे कशाला घालवायचे? बरोबर आहे. ज्याला थोडंफार टेक्निकल जमतं त्याने व्हिस्परच वापरावं. मी पैसे देते ते त्या एडिटरचे आणि डिक्शनरीचे, बाकी कशाचे नाही.

कारण ते बाकीचं, म्हणजे 'ऑटो एसईओ' (पान गुगलवर आपोआप वर आणण्याची सोय), त्यात काही दम नाही.

पहिली गोष्ट, ट्रान्सक्रिप्ट जशी येते तशी वाचून बघा एकदा. माझ्या व्हिडिओची अशी येते: "हे बघा, हे इथून पकडायचं, असं खाली ओढायचं, आणि इथे आलं बघा उत्तर." स्क्रीनवर सगळं दिसत असतं म्हणून बोलताना चालून जातं, पण नुसता मजकूर वाचला तर कशाबद्दल चाललंय पत्ता लागत नाही, आणि गुगलवर "हे इथून असं" कोण शोधणार? व्हीलूकअप (दुसऱ्या टेबलमधून माहिती शोधून आणणारा फॉर्म्युला) हा शब्द सुरुवातीला एकदा येतो आणि मग अख्ख्या व्हिडिओत "हा फॉर्म्युला, हा फॉर्म्युला". एवढं असून त्यांचा एसईओ स्कोअर हिरवागार! तो स्कोअर नक्की काय मोजतो देव जाणे, बहुतेक नुसती लांबी.

मी आता ट्रान्सक्रिप्ट हातात आली की "हे", "इथे" काढून तिथे खरं नाव घालते, तेच ते परत आलेलं उडवते, मध्ये मध्ये उपशीर्षकं टाकते, तीही लोक विचारतात त्या भाषेत. उदाहरणार्थ "नाव बरोबर असूनही व्हीलूकअप एन/ए का दाखवतो", आणि खाली उत्तर की बऱ्याचदा नावाच्या शेवटी एक स्पेस राहिलेली असते म्हणून एन/ए ही 'सापडलं नाही'ची एरर येते, जास्तीच्या स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन लावा. ही सफाई फक्त पानावरच्या मजकुराची हं, कॅप्शन फाइलमध्ये मात्र बोललंय तेच ठेवायचं, नाहीतर ऐकू न येणाऱ्या माणसाला वेगळंच काहीतरी वाचायला मिळतं. आणि याचा एक फायदा असा झाला की रेकॉर्डिंग करतानाच मी आता "बी कॉलममधलं नाव" असं नीट बोलायला लागलेय, त्यामुळे पुढची मेहनत अर्धी.

दुसरी तक्रार मोठी आहे. यांचा विजेट (साइटवर टाकायचा तयार कोडचा तुकडा) लावला की व्हिडिओखाली "पूर्ण मजकूर वाचा" असं बटण येतं आणि ते दाबल्यावर मजकूर त्यांच्या सर्व्हरवरून येतो. दिसायला छान. पण गुगलबॉट, म्हणजे साइट वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्राम, पान ब्राउझरसारखं उघडतो, जावास्क्रिप्टही चालवतो, बटणं दाबत बसत नाही! सर्च कन्सोलमध्ये (साइट गुगलला कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं फुकट टूल) यूआरएल इन्स्पेक्शनची लाइव्ह टेस्ट घेऊन त्यातलं एचटीएमएल उघडलं आणि ट्रान्सक्रिप्टमधलं एक वाक्य शोधलं, तर एक ओळ सापडली नाही. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच गुगलला दिसत नाही. सपोर्टला विचारलं तर "कॅशे क्लिअर करा" असं उत्तर, धन्य आहे. शेवटी विजेट काढला आणि मजकूर सरळ पानाच्या एचटीएमएलमध्ये पेस्ट केला. लांबलचक दिसतो म्हणून घडी करून ठेवला तरी चालतं, फक्त तो पान उघडतानाच कोडमध्ये असला पाहिजे.

त्यांच्या मदत पानावर असाही सल्ला आहे की जुन्या प्रत्येक लेखाच्या तळाशी व्हिडिओ आणि ट्रान्सक्रिप्ट चिकटवा. हे करू नका, निदान व्हिडिओ रिझल्टच्या आशेने तरी नको, कारण २०२३च्या शेवटापासून गुगलच्या व्हिडिओ टॅबमध्ये ज्या पानावर व्हिडिओ हाच मुख्य आहे तीच पानं येतात. लेखाच्या तळाला पडलेला व्हिडिओ सर्च कन्सोलच्या व्हिडिओ रिपोर्टमध्ये "पानाचा मुख्य मजकूर नाही" म्हणून बाजूला टाकला जातो. एका व्हिडिओला एक पान, वर व्हिडिओ, खाली मजकूर, हे बरं पडतं.

ही सर्व्हिस चॅप्टर्स (व्हिडिओचे वेळेनुसार पाडलेले भाग) सुचवते ते चांगले असतात, नावं मात्र स्वतः द्या. आणि कॉपी करायच्या आधी बघून घ्या, यूट्यूबला पहिली वेळ ०:०० लागते, कमीत कमी तीन चॅप्टर लागतात आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. यांनी मला एकदा आठ सेकंदांचा काढून दिला होता.

"एका व्हिडिओतून दहा लेख" असं पण बटण आहे. मी हात लावत नाही. तेच दहा वेळा फिरवून लिहिलेलं वाचणार कोण, आणि असा घाऊक माल टाकण्याविरुद्ध गुगलची स्पॅम पॉलिसी मार्च २०२४ मध्ये आलेली आहेच.

फरक पडला का? नुसत्या "व्हीलूकअप" साठी काही नाही, तिथे मोठ्या साइट्स ठाण मांडून बसल्यात. पण लांबलचक प्रश्न, एरर मेसेज, "दोन शीटमधली नावं कशी जुळवायची" असली सर्च, यांच्यावरून लोक यायला लागलेत, आणि ही सगळी वाक्यं हाताने साफ केलेल्या पानांवरचीच आहेत. कच्ची पेस्ट केलेली पानं जिथल्या तिथे.

घेणार असाल तर सगळ्यात स्वस्त प्लॅन पुरे, एसईओवाला महागडा नको. अपलोड करण्याआधी सुरुवातीची म्युझिक आणि शेवटची "सबस्क्राइब करा" पट्टी कापून टाका, मिनिटं त्याचीही मोजतात. आणि प्रत्येक फाइल लगेच एक्सपोर्ट करून स्वतःकडे ठेवा, प्लॅन संपला की एडिटरला कुलूप लागतं आणि डाउनलोडचं बटण गायब होतं.